कोच बदलून झाले, आता शनिवार बदलून बघा

पत्र ओमाहाहून आलंय. लांब होतं, थोडं छाटून देतेय.

"ताई, मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. 2003 च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला लिंकनला आलो, नोकरी ओमाहात लागली आणि इथलाच झालो. नेब्रास्काच्या फुटबॉलची दोन सीझन तिकिटं बरीच वर्षं सांभाळून आहे. पण आता थकलोय. सोलिच, कॅलाहन, पेलिनी, रायली, फ्रॉस्ट आणि आता रूल, सहा कोच झाले. रायलीचं तीन वर्षांत 19-19 (19 विजय, 19 पराभव), रूलचंही तीन वर्षांत 19-19, एकाला काढलं आणि दुसऱ्याला 2032 पर्यंत कॉन्ट्रॅक्ट वाढवून दिलं! थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आयोवानं आमच्या घरात येऊन 40-16 नं धुतलं, मी मधूनच उठून आलो आणि सोमवारपर्यंत घरात कोणाशी धड बोललो नाही. बायको म्हणते हे आजारपण आहे. ती मंडळाच्या कमिटीत आहे, गणपती आणि दिवाळीचा कार्यक्रम शनिवारीच असतो, त्यामुळे दर वर्षी भांडण ठरलेलं. आणि तेरा वर्षांच्या मुलानं ओरेगॉनचा टी-शर्ट घालायला सुरुवात केलीये कारण म्हणे आमचा क्वार्टरबॅक रायोला तिकडे गेला. तिकिटं सोडू का? या कोचला हाकलायला पाहिजे की नको? आणि मला वेड लागलंय का, खरं सांगा."

दादा, बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगून टाकते, कारण नाशिक-साताऱ्यात बसून हे वाचणाऱ्याला वाटणार की कॉलेजच्या टीमसाठी एवढं काय, आपल्याकडे कॉलेजची मॅच बघायला खेळणाऱ्या पोराची मावशीपण जात नाही. तर हे फुटबॉल पायानं खेळायचं नव्हे, हेल्मेट घालून चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं वालं. नेब्रास्का राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहरात त्याहून जास्त माणसं राहतात, आणि तिथे एनएफएलची टीम नाही, एनबीएची नाही, त्यामुळे सगळ्या राज्याचा जीव लिंकनच्या युनिव्हर्सिटीच्या एका टीममध्ये अडकलेला. मेमोरियल स्टेडियम 1923 सालचं, पंच्याऐंशी हजार माणूस सहज मावतं, मॅचच्या दिवशी ते ओमाहा आणि लिंकननंतरचं राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं असं तिथले लोक मोठ्या अभिमानानं सांगतात. 1962 पासून प्रत्येक घरची मॅच हाउसफुल्ल. मधे 2021 ला खुर्च्या उरायला लागल्या तेव्हा देणगीदारांनी तिकिटं विकत घेऊन पोरांना वाटली आणि रेकॉर्ड टिकवलं, त्यामुळे या हाउसफुल्लच्या आकड्याला मी हल्ली पूर्ण मार्क देत नाही, पण ते जाऊ दे.

आता तुमच्याकडे येते.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही दुसऱ्याच वाक्यात टाकून पुढे निघून गेलात. 2003 चा ऑगस्ट. दादा, टॉम ऑस्बोर्न 1997 च्या सीझननंतर रिटायर झाला. पंचवीस सीझन, 255 मॅच जिंकल्या, 49 हरल्या, 3 बरोबरीत, एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नाहीत, 1994, 1995 आणि 1997 ला राष्ट्रीय चॅम्पियन (शेवटची मिशिगनबरोबर वाटून), आणि शेवटच्या पाच वर्षांचा हिशोब 60 विजय, 3 पराभव. त्याच्या आधी बॉब डेव्हेनीनं 1970 आणि 1971 ची चॅम्पियनशिप आणलेली. यातलं तुम्ही काहीही बघितलेलं नाही. तुम्ही दोन बॅगा आणि चटणीचे डबे घेऊन लिंकनला उतरलात तेव्हा ही जत्रा उठून गेलेली होती. तुम्हाला ती सांगितली ती लॅबमधल्या लोकांनी, घरमालकानं, बारमध्ये शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं, आणि त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितली की तुम्ही त्यांचं दुःखही घरी घेऊन आलात. मी हे हिणवायला म्हणत नाहीये. पण साठ वर्षांचा एखादा शेतकरी हॅस्टिंग्ज किंवा ब्रोकन बोहून दोन-तीन तास गाडी चालवत येऊन रडतो तेव्हा त्याचं काहीतरी खरंच हरवलेलं असतं, आणि तुम्ही रडता तेव्हा त्याच्याकडून उसनं घेतलेलं रडता, वर स्वतःचं व्याज लावून.

बरं, तुमच्या पहिल्याच सीझनला तुम्ही बघितलंत काय? फ्रँक सोलिचनं नऊ मॅच जिंकल्या, तीन हरल्या. त्याच्या सहा वर्षांचा हिशोब 58-19, दोनच वर्षांपूर्वी टीम राष्ट्रीय चॅम्पियनशिपची मॅच खेळलेली (मायामीनं 37-14 नं हरवलं, त्याच्या आधी कोलोराडोनं 62-36 चा दणका दिलेला, मान्य). त्याला काढलं. स्टीव्ह पेडरसन नावाचा ॲथलेटिक डिरेक्टर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खेळांचा प्रमुख, होता, तो म्हणाला मी या प्रोग्रॅमला सामान्य होऊ देणार नाही. म्हणजे फॅन म्हणून तुम्ही शिकलेला पहिला धडा हा की नऊ विजय म्हणजे अपमान. पुढच्याच वर्षी, 2004 ला, 5-6. 1961 नंतरचा पहिला तोट्यातला सीझन, आणि सलग 35 वर्षं बोलमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या मानाच्या मॅचमध्ये, जायची परंपरा तिथे तुटली. सोलिच ओहायो युनिव्हर्सिटीत गेला आणि 2005 पासून 2021 पर्यंत तिथे मजेत कोचिंग करून रिटायर झाला.

मला विचाराल तर तुमच्या टीमची घसरण पराभवांनी सुरू झाली नाही, ती या घाईनं सुरू झाली. आणि ही घाई वरच्या केबिनमध्ये जन्मली तरी तिला खतपाणी स्टँडमधूनच मिळालं, त्यात तुम्हीही होतात. पेलिनीच्या वेळचं आठवतंय ना? 2008 ते 2014, सात वर्षं, दर वर्षी नऊ किंवा दहा विजय. माणूस तोंडाचा फटकळ, फॅन्सना शिव्या घालतानाचं रेकॉर्डिंग बाहेर आलं, मोठ्या मॅचमध्ये टीम पार झोपायची, 2012 ला विस्कॉन्सिननं 70-31 केलं आणि 2014 ला त्याच विस्कॉन्सिनच्या एका रनिंग बॅकनं, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्या एकट्या पोरानं, तीन क्वार्टरमध्ये 408 यार्ड काढले. लाज वाटावी असंच होतं. पण 9-3 वर त्यालाही काढलं, आणला माइक रायली, जो सभ्य होता, सगळ्यांशी गोड बोलायचा आणि हरायचा.

इथे ऑस्बोर्नचीच एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या त्या म्हाताऱ्या मित्रांनी ही बहुतेक गाळली असणार. 1973 ला सूत्रं घेतल्यावर तो ओक्लाहोमाकडून लागोपाठ पाच वर्षं हरला. सहाव्या वर्षी, 1978 ला, 17-14 नं जिंकला, आणि त्याच सीझननंतर कोलोराडोला जायचा गंभीरपणे विचार करत होता. पहिली चॅम्पियनशिप मिळाली बाविसाव्या सीझनला. मधे ती ऑरेंज बोलची मॅच, मायामी 31, नेब्रास्का 30, बरोबरीत सोडवून चॅम्पियन होता आलं असतं तरी दोन पॉइंटसाठी गेला आणि हरला. आजचे फॅन असते तर 1977 लाच ऑस्बोर्नची गाडी भरून दिली असती. तेव्हा त्याच्या डोक्यावर ॲथलेटिक डिरेक्टर म्हणून डेव्हेनी बसलेला होता, ज्यानं त्याला स्वतः निवडलं होतं, आणि त्यानं थांबायचं ठरवलं. पेडरसनच्या जागी तो असता तर काय झालं असतं हे कोणाला माहीत, पण निदान दर तीन-चार वर्षांनी सगळं उलटंपालटं झालं नसतं.

कारण कोच बदलणं म्हणजे फक्त एक माणूस बदलणं नसतं ना. सोलिचपर्यंत टीम ऑप्शन खेळायची, क्वार्टरबॅक बॉल घेऊन धावणार, समोर गावाकडची दणकट पोरं वाट काढून देणार. कॅलाहन आला आणि म्हणाला आता पास करायचा. मग पेलिनी, त्याचं वेगळं. रायली म्हणाला प्रो-स्टाइल. फ्रॉस्ट ओरेगॉनकडची पळापळ घेऊन आला. लग्नात जेवण अर्धं झाल्यावर आचारी बदलावा आणि नव्यानं म्हणावं मी तर चायनीज करतो, तसं. मसालेभाताची तयारी करून बसलेल्या पोरांचं काय होणार ते झालं.

आणि घसरणीची जी कारणं कोचच्या हातात नव्हतीच त्यांच्यावर तुमच्या पत्रात एक ओळ नाही, म्हणून सांगते. नेब्रास्कानं 1969 ला बॉइड एप्ली नावाचा पगारी स्ट्रेंग्थ कोच ठेवला, तेव्हा बाकीच्यांना वजन उचलायचं महत्त्व कळलेलं नव्हतं. पुढे सगळ्यांनी तेच केलं आणि हा फायदा संपला. टीव्हीवर मोजक्याच टीम दिसायच्या त्यात नेब्रास्का असायची, मग केबल आलं आणि सगळेच दिसायला लागले, फ्लोरिडातल्या पोरानं नोव्हेंबरच्या थंडीत लिंकनला का यावं? स्कॉलरशिपवर 85 ची मर्यादा आली. अभ्यासात थोडी कमी पडणारी पोरं घेता यायची तो दरवाजा बिग 12 नावाच्या लीगमध्ये गेल्यावर जवळजवळ बंद झाला. 2011 ला टीम बिग टेन या दुसऱ्या लीगमध्ये गेली, टीव्हीचा पैसा धो धो आला, पण टेक्सासमधल्या मैदानांवर दर वर्षी खेळायला जाणं थांबलं आणि तिथली पोरं मिळणं अवघड झालं. राज्यात स्वतःची पोरं किती निघणार, वीस लाखांत? त्यावर उपाय म्हणून वॉक-ऑनची परंपरा होती, स्कॉलरशिपशिवाय, नुसत्या लाल जर्सीच्या ओढीनं येऊन तीन वर्षं मार खाऊन चौथ्या वर्षी खेळणारी शेतकऱ्यांची पोरं. 2025 पासून नव्या कायदेशीर तडजोडीनं टीमवरच 105 ची मर्यादा आली, म्हणजे तेही आवळलं. त्याच तडजोडीनं कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, पहिल्या वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत, सगळे खेळ मिळून. यातलं एकही काम कुठल्या कोचनं बिघडवलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई मग इंडियाना? मला माहितीये तुम्ही म्हणणार, कारण हल्ली प्रत्येक नेब्रास्कावाला हेच म्हणतो आणि बरोबर म्हणतो. इंडियाना म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली हरण्यासाठी प्रसिद्ध टीम. कर्ट सिग्नेटी आला, जेम्स मॅडिसनहून आपली बरीच पोरं सोबत घेऊन आला, 2024 ला पहिल्याच वर्षी 11-2, त्यात तुम्हाला 56-7 नं तुडवलं, आणि 2025 चा सीझन एकही मॅच न हरता राष्ट्रीय चॅम्पियन. पोर्टलच्या, म्हणजे खेळाडूंनी सहज कॉलेज बदलायच्या, जमान्यात चांगला कोच दोन वर्षांत जादू करू शकतो हे आता सिद्ध झालंय, त्यामुळे "थांबा, वेळ द्या, मुळं धरू द्या" हे कीर्तन मीपण तुम्हाला ऐकवणार नाही. कोचमुळे फरक पडतो. प्रचंड पडतो. अडचण एवढीच आहे की तो कोच कुठला हे आधी कोणाला कळत नाही. स्कॉट फ्रॉस्ट आठवा. वुड रिव्हरचा पोरगा, 1997 च्या चॅम्पियन टीमचा क्वार्टरबॅक, 2017 ला सेंट्रल फ्लोरिडाला 13-0 करून आलेला. पत्रिका जुळवायला बसलं असतं तर छत्तीस गुण निघाले असते. झालं काय? 16-31.

फ्रॉस्टच्या काळाचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण तिथे दिसलं की वाईट कोचिंग म्हणजे नक्की काय. 2021 ला टीम 3-9 होती आणि नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी पॉइंटनी, म्हणजे टीम वाईट नव्हती, ती मोक्याच्या क्षणी हमखास पाय घसरून पडायची. त्यातली मिशिगन स्टेटची मॅच घ्या. दुसऱ्या हाफमध्ये मिशिगन स्टेटला एकही फर्स्ट डाउन मिळालेला नव्हता, म्हणजे ते दहा यार्ड एकदाही पुरे झाले नव्हते. एकही. नेब्रास्का 20-13 नं पुढे, शेवटची काही मिनिटं, पंट मारायचा, म्हणजे बॉल लांब लाथाडून समोरच्याला द्यायचा आणि आपली पोरं त्याच दिशेनं धावत जाऊन पकडणार. सगळी पोरं उजवीकडे धावली आणि बॉल गेला डावीकडे. समोरच्यानं रिकाम्या मैदानातून 62 यार्ड पळत येऊन टचडाउन केला, मॅच ओव्हरटाइमला गेली, 23-20 नं हरले. यात पैसा, पोर्टल, लोकसंख्या काहीही येत नाही. आठवडाभर सराव करताना दिशा नीट सांगितली नव्हती किंवा ऐकली नव्हती, बस. पुढच्या वर्षी डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 नं पुढे असताना साहेबांनी ऑनसाइड किक (बॉल जवळच मारून परत आपणच पकडायचा जुगार) मारायला सांगितली, बॉल समोरच्यांनी घेतला आणि मॅच 31-28 नं गेली. (त्या दिवशी स्टेडियममधलं कार्डानं पैसे घ्यायचं मशीन बंद पडलं म्हणून बिअर फुकट वाटली, तेवढंच काय ते नेब्रास्काच्या लोकांच्या पदरात पडलं.) दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्न घरात येऊन 45-42 नं जिंकून गेली आणि दुसऱ्या दिवशी फ्रॉस्ट घरी. सोबत दीड कोटी डॉलर. तीन आठवडे थांबले असते, एक ऑक्टोबर उजाडू दिला असता, तर त्याच्या अर्ध्यात काम झालं असतं. पण थांबवत नाही ना कोणाला.

रूलचं काय मग? तुमचा राग मला पटतो, सगळा नाही पण बराच. टेंपलला पहिल्या वर्षी 2-10, तिसऱ्या वर्षी दहा विजय. बेलरला पहिल्या वर्षी 1-11, तिसऱ्या वर्षी 11-3. त्याची ख्यातीच ही की तिसऱ्या वर्षी गाडी उडते. लिंकनला तिसरं वर्ष आलं आणि पुन्हा 7-6. रँकमधल्या, म्हणजे देशातल्या पहिल्या पंचवीसातल्या, टीमला 2016 मध्ये ओरेगॉनला हरवलं ते शेवटचं, 2025 संपेपर्यंत पुन्हा जमलेलं नाही. आणि कॉन्ट्रॅक्ट वाढवून दिलं ते सरळ सरळ घाबरून, पेन स्टेटची जागा रिकामी झाली, रूल तिथलाच माजी खेळाडू, इकडे सगळ्यांच्या पोटात गोळा आला आणि सह्या झाल्या. मग तीनच आठवड्यांनी त्याच पेन स्टेटनं 37-10 केलं. हसावं की रडावं. तरीपण माझं मत विचाराल तर आत्ता हाकलू नये, त्याच्यावर माझं काही प्रेम नाही, पण सातवा कोच आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं म्हणजे वीस वर्षांत पाच वेळा फसलेला प्रयोग सहाव्यांदा करणं. सीझन संपताच त्यानं डिफेन्स कोऑर्डिनेटर आणि ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच बदलला, म्हणजे दुखणं कुठं आहे हे त्याला कळलंय. मिनेसोटानं एका मॅचमध्ये क्वार्टरबॅकला नऊ वेळा आडवा केला होता, ते बघून कोणालाही कळलं असतं म्हणा.

तुम्हाला मॅच बघायचीच असेल तर पुढच्या सीझनला स्कोअरबोर्डकडे कमी आणि लाइनकडे जास्त बघा. बॉल कुठे चाललाय ते सोडा, मधल्या पाच जणांकडे बघा. चौथ्या क्वार्टरमध्ये ते समोरच्याला मागे ढकलतायत की स्वतः मागे सरकतायत? समोरची टीम बॉल घेऊन सरळ घुसते तेव्हा तिसऱ्या यार्डाला थांबते की आठव्या? आणि तीन-चार पॉइंटच्या फरकाच्या मॅचमध्ये पोरं शहाण्यासारखी वागतायत की पुन्हा तो उजवीकडे-डावीकडेचा घोळ? एवढ्या गोष्टी सुधारल्या आणि तरी सात विजय झाले तर कोच ठेवा. या बिघडल्या आणि नशिबानं नऊ झाले तर मात्र काळजी करा. हे तुम्हाला बायकोला किंवा ऑफिसातल्या कोणालाही शांतपणे समजावून सांगता येईल, आणि आयोवाच्या मॅचनंतर तीन दिवस मौन पाळण्यापेक्षा ते बरं.

त्या मौनाबद्दल. वेड नाही लागलेलं, पण सवय वाईट लागलीये. तुम्ही पेठेतले, तुम्हाला फुटबॉलचं वेड नवीन नाही, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शाहू स्टेडियम, सगळं रक्तात आहे. पण तिकडे टीम हरली की संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर शिव्या देऊन, घेऊन, चहा पिऊन मोकळं होता येतं, तो गोल सोडणारा गोलकीपरही तिथेच उभा असतो, त्याला तोंडावर बोलता येतं आणि तोही दोन ऐकवतो. ओमाहाच्या घरात बेसमेंटमध्ये एकटं बसून मोबाइलवर हायलाइट पुन्हा पुन्हा बघायची आणि मग एकोणीस वर्षांच्या पोराच्या अकाउंटवर जाऊन काहीबाही लिहायचं, याला कट्टा म्हणत नाहीत. तुम्ही असं लिहिता असं पत्रात म्हटलेलं नाही, पण लिहीत असाल तर आजपासून बंद. त्यांना आता पैसे मिळतात हे खरं, तरी पोरं ती पोरंच. कोचला वर्षाला लाखो डॉलर मिळतात, त्याच्या निर्णयांवर हवं तेवढं तोंडसुख घ्या, तो पगार त्याचाही आहे. आणि हरलेल्या मॅचनंतर दोन-चार भारतीय, दोन-चार तिकडचे, ज्यांना हे वेड आहे अशांना घरी बोलवा, भडंग करा, तासभर शिमगा करा, आणि तासाभरानं टीव्ही बंद.

मुलाचा टी-शर्ट. घालू द्या हो! तो टीमच्या मागे नाही, खेळाडूच्या मागे आहे, त्याच्या वयाच्या सगळ्या पोरांचं आता असंच आहे, क्वार्टरबॅक पाय मोडून घेतो, सीझन संपतो, पोर्टलमधून दुसरीकडे जातो आणि पोरं त्याच्या मागे जातात. तुमच्या घरात एवढी वर्षं लाल रंगाबरोबर त्यानं काय बघितलं? बाबांचं पडलेलं तोंड. त्याला तुमचं दुःख वारसाहक्कानं द्यायचा हट्ट करू नका, तुम्हाला ते दुसऱ्यांनी दिलं तेवढं पुरे झालं. त्यापेक्षा त्याला आणि त्याच्या आईला व्हॉलीबॉलला घेऊन जा, तिकीट मिळालं तर, कारण ती टीम खरंच जिंकते, पाच वेळा राष्ट्रीय चॅम्पियन, आणि 30 ऑगस्ट 2023 ला याच मेमोरियल स्टेडियममध्ये पोरींची व्हॉलीबॉल मॅच बघायला 92,003 लोक आले होते, बायकांच्या खेळाला जगात तोवर अधिकृतपणे नोंदलेली सगळ्यात मोठी गर्दी. त्याच राज्यात, त्याच युनिव्हर्सिटीत, त्याच लाल रंगात. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही याचं मला जरा नवलच वाटलं.

तिकिटं. सोडू नका, पण सगळी ठेवूही नका. घरच्या सातेक मॅच असतात, त्यातल्या तीन ठेवा आणि बाकीच्या विका किंवा ऑफिसातल्या एखाद्याबरोबर वाटून घ्या, तिकिटांमागे भरायच्या देणगीचा भारही अर्धा होईल. कुठल्या तीन ते टीम कशी खेळतेय यावर ठरवू नका, सीझन सुरू व्हायच्या आधी ठरवून टाका, नाहीतर सप्टेंबरमध्ये दोन मॅच जिंकल्या की तुम्ही पुन्हा सातही घ्याल. आयोवाची मॅच ज्या वर्षी घरी असेल तेव्हा ठेवायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी असते तर विकली असती, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरात पाहुणे असताना कशाला.

आणि मंडळ. मॅचची वेळ कधी कधी आठवडाभर आधी कळते, पण तारखा तर कितीतरी महिने आधी जाहीर होतात ना? मग मंडळाची कमिटी हॉल बुक करायला बसते त्याच्या आधी तुमचं वेळापत्रक बायकोच्या हातात द्या. बाहेरच्या मॅचचे शनिवार आणि टीमच्या सुट्टीचा आठवडा, गणपती त्यात बसतोय का बघा, नाही बसला तर गणपतीला जा, तिथे हॉलमध्ये कोपऱ्यात मोबाइल घेऊन उभे राहणारे तुमच्यासारखे आणखी चार जण भेटतीलच. दिवाळीच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडायचं काम स्वतःहून मागून घ्या. आणि तिकिटांचे पैसे भरायची तारीख येईल तेव्हा हिशोब बायकोला समोर बसवून करा, भरून झाल्यावर सांगू नका.